दोन दिवसांत आराम पडला, तिथेच पुडी ओळखायला हवी होती

बायकोच्या सांधेदुखीपायी, लॅब आणि एक वैद्य मिळून, एकूण 48,200 रुपये गेले. 'वात पॅकेज' नावाची रक्ततपासणी 4,200, नाडी पाहायचे 500, महिन्याला 6,500 प्रमाणे पाच महिन्यांच्या पुड्या म्हणजे 32,500, आणि 'खास भस्म बनवायला' आगाऊ 11,000. ते भस्म अजून बनतंच आहे. लॅब सोडली तर बिल कशाचंच नाही. पैसे यूपीआयने गेले, तेही त्या वैद्याच्या नाही, कुण्या तिसऱ्याच बाईच्या खात्यात.

लाज याची वाटते की मी 27 वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरवर काढली आहेत. म्हणजे मला कळायला हवं होतं. पण सुरुवात कुठे चुकली तेही ऐका, सगळा दोष माझ्या एकट्याच्या माथी नको.

बायकोची बोटं सकाळी तास-दीड तास वळत नव्हती. कणीक मळणं, कपडा पिळणं बंद. दोन्ही हातांच्या मुठीवरचे उंचवटे सुजलेले, मनगटं गरम, नखांजवळचे सांधे मात्र साफ. हातात हात घेऊन जरा दाबला की ती कळवळायची. हे चित्र सरळ रुमेटॉइड आर्थ्रायटिसचं, आमवाताचं. वयाच्या झिजेत नखाजवळचा सांधा धरतो आणि सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात उतरतो.

पॅकेजमध्ये युरिक अ‍ॅसिड, एएसओ, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी असं सगळं होतं. आरए फॅक्टर, म्हणजे आमवाताची नेहमीची रक्ततपासणी, निगेटिव्ह आला आणि काउंटरवरच्या पोराने सांगून टाकलं, "काका, वात नाही निघाला." त्याच कागदावर ईएसआर, म्हणजे अंगातला दाह दाखवणारा आकडा, चढून 68 होता! आमवाताच्या बऱ्याच पेशंटचा आरए फॅक्टर निगेटिव्हच येतो, आणि धडधाकट म्हाताऱ्याचा पॉझिटिव्हही येऊ शकतो. मागायची तपासणी म्हणजे अँटी-सीसीपी, ती आमवात जास्त नेमका पकडते, जोडीला दाह मोजणारी सीआरपी आणि दोन्ही हातापायांचा एक्स-रे. एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ दिसला तरी रोग नाही असं होत नाही. एएसओचा आमवाताशी संबंध नाही. ती तपासणी घशाच्या जंतूंची, म्हणजे ऱ्हुमॅटिक फिव्हर या वेगळ्याच आजाराची. नावातल्या साम्यावर लॅबवाले आजही पॅकेजं विकतात.

वात नाही, पण दुखणं तर आहे. मग माणूस जातो तिथेच आम्ही गेलो. नागपुरात सक्करदऱ्याकडच्या एका गल्लीत त्या वैद्याची खोली, बाहेर बोर्ड: संधिवात 90 दिवसांत मुळासकट. भंडारा, वर्धा, पार छिंदवाड्याचे पेशंट रांगेत. एवढी माणसं काय येडी आहेत, असं वाटतं ना, तेच.

पुडी तपकिरी, त्रिफळ्यासारखी, मध्ये बारीक पांढरे कण. मी विचारलं. वैद्य म्हणाला, "गोदंती भस्म आहे जी." मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोने स्वतः पोळ्या लाटल्या.

इथेच ओळखायला हवं होतं! जडीबुटीचं सोडा, आमवाताचं खरं औषध मेथोट्रेक्सेटही गुण दाखवायला सहा ते बारा आठवडे घेतं. सुजलेला सांधा दोन दिवसांत उतरवायचा तर बहुधा स्टेरॉइडच लागतं. मी हजारो चिठ्ठ्यांवर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं आहे, त्याचा कडूपणा जीभ विसरत नाही. तिसऱ्या महिन्यात एक पुडी जिभेवर टेकवली, तर आधी सुंठ लागली आणि मागून तोच कडू. तरी मी मनाला म्हटलं, काडेचिराईत असेल. घरात हसणं परत आलं होतं, ते मोडवेना.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बायकोचा चेहरा गोल झाला. शेजारणी म्हणाल्या, "काकूंची तब्येत सुधारली." बांगड्या दंडाकडे सरकेनात, हातावर जरा लागलं की काळेनिळे डाग पडायचे, उपाशीपोटीची साखर 186. हे सगळं 'वात बाहेर पडतोय' या खात्यात जमा.

मग एका लग्नासाठी गावाला गेलो आणि पुड्या घरी राहिल्या. दुसऱ्याच दिवशी तिला उलट्या, चक्कर, पलंगावरून उठवेना. वैद्याला फोन केला तर म्हणे, "पाहा, औषधाचा गुण किती आहे! एक दिवसही चुकवायची नाही." तो जाणून होता. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि अचानक बंद केलं तर माणूस दगावूही शकतो. म्हणून घरात कोणाची अशी पुडी चालू असेल तर संतापून नालीत फेकू नका. पुडी हातात धरून डॉक्टरकडे जा, दोन न उघडलेल्या जपून ठेवा.

सकाळी आठचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, 1.8 निघालं, साधारण 5 ते 25 असतं. अँटी-सीसीपी चांगलंच पॉझिटिव्ह. आता चिठ्ठीवरचं प्रेडनिसोलोन महिन्यांच्या हिशेबाने कमी करत आणलं जातंय आणि मेथोट्रेक्सेट सुरू आहे. त्याची गोळी आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर रक्तपेशी कोसळतात, जीव जातो. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा, फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी. सुरू करायच्या आधी आणि नंतर ठरलेल्या वेळी रक्तपेशींची सीबीसी, यकृताची एसजीपीटी, मूत्रपिंडाची क्रिएटिनिन या तपासण्या. मूल हवं असणाऱ्या बाईने हे औषध घ्यायचं नाही, आधी डॉक्टरशी बोलायचं. वेष्टणावर कॅन्सरचं नाव वाचून घाबरू नका. तिथे डोस कितीतरी मोठा असतो. आणि किंमत? आमची आठवड्याची गोळी वीस रुपयांच्या आत येते. पुडीचे महिन्याला 6,500 मोजले मी!

आता तक्रारीचं. ठाण्यात म्हणाले, "पुडी तुम्हीच तोंडात टाकली ना जी? काऊन टाकली मग?" सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर सांगितलं, पैसे तुम्ही राजीखुशीने दिले, हा सायबर गुन्हा नाही. औषधांच्या खात्याने लेबल, बॅच नंबर आणि बिल मागितलं. अहो, लेबल नाही हीच तर तक्रार आहे! वैद्यांची नोंदणी पाहणाऱ्यांकडे गेलो तर तो नोंदलेलाच नाही, म्हणून त्यांच्या कक्षेत नाही. म्हणजे नोंदणी केली तर कारवाईची भीती, न केली तर मोकळं रान! 1954 च्या जादूटोणा-औषध जाहिरात कायद्याच्या यादीत संधिवात नावानिशी आहे, त्यावर इलाजाची जाहिरात करणं हाच गुन्हा. बोर्डाचा फोटो दाखवला, तर औषधांच्या खात्यातले साहेब म्हणाले, बोर्ड जाहिरातीत मोडतो का ते पाहावं लागेल. कायद्यात तर तोंडी दवंडीसुद्धा मोडते. 1940 च्या औषध कायद्याचं कलम 26 सांगतं की विकत घेतलेलं औषध कुणीही फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. मी कलमाची झेरॉक्स घेऊन औषधांच्या खात्यात गेलो. ती त्यांनी ठेवून घेतली, पुडी परत केली.

पेशंटच्या नावाने एक वही आजच करा: तारीख, रक्कम, कुणाच्या खात्यात, पुड्या किती. बोर्डाचा फोटो तारखेसह काढा. मी हे पाच महिने उशिरा केलं.

मागच्या आठवड्यात औषधांच्या खात्यातून फोन आला, सॅम्पल सीलबंद पाहिजे. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली पुडी सीलबंद कशी मिळते, ते विचारायला सोमवारी परत जातोय.