अंतराळ स्थानकाचं पुठ्ठ्याचं मॉडेल: बाहेरून झकास, आतून रिकामं

नागपुरात सीताबर्डीतल्या एका खेळण्यांच्या दुकानातून नातवासाठी घेतलं. छापील किंमत ७४९ रुपये, घासाघीस करून ७००. मे महिना, शाळेला सुट्या, बाहेर पंचेचाळीस डिग्री. पोट्ट्याला दुपारभर घरात बसवायचं तर असं काही लागतंच.

आधी चांगलं सांगते. पुठ्ठा जाड आहे, छपाई स्वच्छ, तुकडे हातानं सुटतात, कात्री लागत नाही. तयार झाल्यावर रुंदी भरते साधारण ५४ सेंटीमीटर. खरं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक १०९ मीटरचं, म्हणजे हे दोनशेपट लहान. त्याच हिशेबानं जमीन मॉडेलपासून दोन किलोमीटर खाली यायला हवी, कारण खरं स्थानक चारशे किलोमीटरवरून फिरतं. आमच्या धरमपेठेतून सीताबर्डी साधारण तेवढीच. नातवाला अंतर समजवायला हे बरं पडलं.

आता तक्रारी. माहितीपत्रकात सुरुवात मधल्या लांब दांड्यापासून सांगितलीय. तसं केलं तर नळकांडी, म्हणजे स्थानकाच्या खोल्या, नंतर बसता बसत नाहीत, दोनदा सगळं उसवावं लागलं. शेवटी खरं जसं जोडलं गेलं तसंच जोडलं: आधी झार्या (नोव्हेंबर १९९८), मग युनिटी (डिसेंबर १९९८), पुढे झ्वेज्दा, मग डेस्टिनी, आणि दांडा डेस्टिनीच्या पाठीवर. खटाखट बसलं. दुसरं म्हणजे कोलंबस आणि किबो या दोन प्रयोगशाळांची नावं चक्क अदलाबदल झालीत. किबो ओळखू आला तो त्याच्या ओट्यावरून. हो, या जपानी प्रयोगशाळेला बाहेर एक उघडा ओटा आहे. ज्या वस्तूंना थेट अंतराळात ठेवून बघायचं, त्या छोट्या दारातून बाहेर काढून यांत्रिक हातानं तिथे मांडतात. आणि एएमएस नावाचं सुमारे सात टनांचं यंत्र, जे २०११ पासून वैश्विक किरणांतले कण मोजतंय, त्याच्या नावानं इथे फक्त एक करडी टिकली. तीही निघून कूलरखाली गेली. कूलरचं निघालंच आहे तर सांगते, त्याच्या दमट हवेत सौरपंख वाकतात. आठही पंख रात्री जाड पुस्तकाखाली दाबून ठेवा.

पण माझा खरा राग खोक्यावरच्या ‘वैज्ञानिक मॉडेल’ या दोन शब्दांवर आहे. मी ३१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. लॅब म्हटलं की आधी आत डोकावते. इथे प्रत्येक नळकांडं पोकळ! माहितीपत्रकात वेग आहे, वजन आहे, पाच अंतराळ संस्था आणि पंधरा देश आहेत. तिथे माणसं २००० सालापासून काय करताहेत, त्यावर एक ओळ नाही.

नातवानं विचारलं, “आजी, हे खाली का नाही पडून राहिलं?” म्हटलं, पडूनच राहिलं बाबू! तिथे पृथ्वीची ओढ जवळजवळ नव्वद टक्के शिल्लक असते. स्थानक सतत पडत असतं, पण पुढे इतक्या वेगानं जातं की जमीन चुकवत राहतं. आतली माणसं, पाणी, पेशी सगळेच सोबत पडतात म्हणून तरंगतात. मग त्याला माझ्या कामाचं उदाहरण दिलं. ईएसआरची तपासणी म्हणजे काय? रक्त भरलेली नळी तासभर उभी ठेवायची आणि लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचायचं. एवढी वर्षं रोज वाचलं. ती नळी तिथे नेली तर पेशी बसणारच नाहीत, माझी तपासणी बाद! पण जी गोष्ट माझी तपासणी बाद करते, तिच्यासाठीच तर शास्त्रज्ञ तिथे जातात. इथे बशीत वाढवलेल्या पेशी तळाशी चपट्या पसरतात, तिथे त्या गोळ्यासारख्या चहूबाजूंनी वाढतात, शरीरात असतात त्याच्या जास्त जवळ. रक्ताचे नमुने मात्र तिथेही सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात) फिरवतात आणि उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवून परतीच्या यानाची वाट बघतात. हे वाचून मला घरच्यासारखं वाटलं. आम्हीही गाडीचीच वाट बघायचो.

खोक्यात झेंड्यांचे स्टिकर आहेत, त्यात तिरंगाही. स्थानक बांधणाऱ्या पंधरात भारत नाही, तेव्हा ही चूकच. पण नातू ऐकेना. शुभांशु शुक्ला गेले होते ना, म्हणे. गेले होते, जून २०२५ मध्ये. त्यांचं यान हार्मनी नावाच्या नळकांड्याच्या वरच्या तोंडाला लागलं होतं, म्हणून तिरंगा तिथेच चिकटवला. त्यांनी तिथे मेथी आणि मूग रुजवले, मग ते फ्रीजरमध्ये ठेवून परत आणले, हे सांगितलं आणि फसले. त्याला लगेच मूग हवे झाले.

पाचपैकी तीन तारे. दहा वर्षांवरच्या मुलांना घ्या, सोबत फेविकॉलची छोटी ट्यूब घ्या, आणि नावं चिकटवण्याआधी किबोचा ओटा बघा. दुकानदारानं फाटका पंख विनातक्रार बदलून दिला, अर्धा तारा त्याचा धरलाय. आमचं मॉडेल आता फ्रीजवर आहे. उचललं की किबोतून खुळखुळ आवाज येतो. झाकण लावण्याआधी चार मूग आत गेलेत.