ऐरोलीचं फ्लेमिंगो केंद्र: दोन-तीन वर्षांच्या पोरांना नेताना

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात आतलं प्रदर्शन बरं आहे. पण फलक वाचायचं वय नसलेल्या पिल्लांना ते फार वेळ धरून ठेवत नाही. खरी मजा बोटीची. फ्लेमिंगो बघायचे तर हिवाळा ते मे.

बोट भरतीच्या वेळेवर सुटते आणि भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. कोळ्यांचा हिशोब सोपा: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. चतुर्थीला अंदाजे तीन वाजता, अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावस्येला भर दुपारी, म्हणजे नेमकी झोपेची वेळ, कुरकुर ठरलेली! त्यामुळे तारीख भरती बघून ठरवा, सुट्टी बघून नाही. नक्की वेळ बुकिंग करताना विचारा.

लाइफ जॅकेट लहान मापाचंच मागा. बांधल्यावर खांद्यांना धरून वर उचला. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या. बोटीत चढण्याआधी शू उरकून घ्या, डायपर नवा घाला. स्ट्रोलरचा बोटीत काडीचा उपयोग नाही. गळपट्टीची टोपी, पूर्ण बाह्या आणि डासांचं मलम मात्र हवंच. खाडीकाठचे डास संध्याकाळी फोडून काढतात.