थायरॉईडची गाठ: पुन्हा एफएनएसी की कोअर बायोप्सी?

एका मैत्रिणीच्या आत्याच्या एफएनएसी (बारीक सुईने पेशी ओढून केलेली तपासणी) रिपोर्टमध्ये ‘स्पिंडल सेल लीजन’ (लांबुडक्या पेशींची विकृती) आलंय. पुन्हा तेच करायचं की कोअर बायोप्सी (जाड सुईने गाठीचा तुकडा काढणं), हा तिचा प्रश्न.

खर्च आणि त्रास बघाल तर एफएनएसी सरस. सुई बारीक, काम मिनिटांत. कोअरची सुई साधारण 18 गेजची. जागेवर भूल देऊन, सोनोग्राफीत बघत टोचतात. रक्तस्रावाचा धोका थोडा जास्त, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा.

खरा फरक निदानात. एफएनएसीत सुट्या पेशी मिळतात, गाठीची वीण दिसत नाही. लांबुडक्या पेशी श्वानोमातही (नसेच्या आवरणाची गाठ) असतात, सॉलिटरी फायब्रस ट्यूमरमध्येही (तंतुमय गाठ), आणि थायरॉईडच्या मेड्युलरी किंवा झपाट्याने वाढणाऱ्या अ‍ॅनाप्लास्टिक कॅन्सरमध्येही! कोअरच्या तुकड्यावर आयएचसी (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखणं) नीट होते: श्वानोमात एस100, फायब्रस ट्यूमरमध्ये स्टॅट6, मेड्युलरीत कॅल्सिटोनिन. पॅक्स8 (थायरॉईडच्या पेशींची खूण) निगेटिव्ह आलं म्हणून अ‍ॅनाप्लास्टिक सुटला असं मात्र नाही.

नेहमीच्या पॅपिलरी कॅन्सरच्या शंकेला एफएनएसी पुरते. आत्यासारख्या रिपोर्टला मी कोअरच विचारेन, आणि स्लाइड-ब्लॉक (काचेवरचे आणि मेणातले नमुने) सॉफ्ट टिश्यूच्या (नसा, स्नायूंसारख्या मऊ ऊतींच्या) पॅथॉलॉजिस्टला दाखवेन. गाठ भराभर वाढतेय, आवाज बसलाय? मग तुलना सोडा, त्याच आठवड्यात सर्जन गाठा.