गाडीत गाणी: सीडी बरी की फोन?

नवीन गाड्यांत सीडी प्लेअर जवळजवळ मिळतच नाही आता, पण ज्यांनी अभिषेकीबुवांच्या सीडी इतकी वर्षं जपल्यात त्यांनी काय करायचं? आवाजाचं म्हणाल तर मी सीडीच्याच बाजूने. सीडीवरचा आवाज कॉम्प्रेस केलेला नसतो, सेकंदाला 1411 किलोबिट, आणि फोन ब्लूटूथने जोडला तर त्याचं साधं एसबीसी (आवाज कॉम्प्रेस करून पाठवायची पद्धत) चांगल्या क्वालिटीला 328 च्या आसपास, त्यामुळे तान संपल्यावर मागे तंबोरा घुमत राहतो ना, तो मला तिथे पुसट वाटतो. शिवाय चोर्ला घाटात रेंज गेली की स्ट्रीमिंग अडकतं (गाणी आधी डाउनलोड केली असतील तर प्रश्न नाही म्हणा).

फोनचा फायदा सोयीचा, आणि तो मोठा आहे. सीडीत जेमतेम 74 ते 80 मिनिटं, पणजीहून बेळगाव गाठेपर्यंत ती बदलावीच लागते, खड्ड्यात उडते, पावसाळ्यात लेन्सवर बाष्प धरलं की वाचत नाही.

म्हणून मला मधला रस्ता पटतो, सगळ्या सीडी कॉम्प्युटरवर फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावता फाइल लहान करणारा फॉरमॅट) काढून पेनड्राइव्हवर टाका, क्वालिटी तीच राहते. फक्त गाडी बुक करण्याआधी शोरूममध्ये पेनड्राइव्ह लावून फ्लॅक वाजतं का ते बघाच.