सात महिने वापरलेली ‘सांधे मोजण्याची’ रीत

ठाणे ते घणसोली या रोजच्या लोकलप्रवासात गेले सात महिने मी एकाच जातीची प्रोग्रॅमिंगची गणिते सोडवीत आहे : लांबी न, किमती १ ते म, आणि बरोबर क ठिकाणी शेजारचे दोन घटक सारखे, तर असे ॲरे (संख्यांच्या क्रमवार रांगा) किती? पूर्वी मी डीपीचा (डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचा, म्हणजे लहान उत्तरांवरून मोठी उत्तरे काढण्याचा) तक्ता भरत असे, परंतु न आणि क दोन्ही लाखाच्या घरात गेले की तो दिलेल्या वेळेत कधीच भरून होत नसे.

बारा डब्यांच्या गाडीला अकरा सांधे असतात, तसे न घटकांना न−१ सांधे असतात. त्यांपैकी ‘सारखे’ असे क सांधे निवडावयाचे, पहिल्या घटकाला म पर्याय द्यावयाचे आणि उरलेल्या प्रत्येक सांध्याला म−१, आणि निवडीच्या प्रकारांसह या सर्वांचा गुणाकार करावयाचा, एवढीच ही रीत आहे. तीन घटक, दोन किमती आणि एक सारखा सांधा घेतल्यास २ × २ × १ म्हणजे चार ॲरे मिळतात : ११२, १२२, २११, २२१. उत्तर बहुधा १,००,००,००,००७ ने भागून उरणाऱ्या बाकीच्या रूपात मागतात. ही मूळ संख्या असल्यामुळे फर्माच्या सिद्धांताने भागाकाराऐवजी व्यस्ताने (ज्या संख्येने गुणल्यावर बाकी १ उरते तिने) गुणता येते आणि सांधे निवडण्याचे प्रकार मोजायला लागणाऱ्या क्रमगुणितांचा (१ × २ × ३ … अशा गुणाकारांचा) तक्ता एकदाच करून ठेवला की पुढचे काम क्षणात होते.

फजिती झाली ती तिसऱ्या महिन्यात. ‘कोणतीही किंमत दोनपेक्षा अधिक वेळा येऊ नये’ ही अट मी घाईत ‘सलग तीन सारख्या नकोत’ अशी वाचली आणि आधीच्या दोन लांबींच्या उत्तरांच्या बेरजेला म−१ ने गुणत राहिलो. दोन किमती आणि लांबी ३ असताना दोन्ही अटींचे उत्तर ६ च येते, त्यामुळे नमुना चाचणी बिनतक्रार पार पडली. लांबी ४ ला मात्र माझे उत्तर १० आले, खरे ६ होते. जास्तीचे चार म्हणजे ११२१, १२११ आणि त्यांची १-२ अदलाबदल केलेली रूपे. (हेच सहा भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त, अंकपाश या अंकांच्या मांडण्या मोजण्याच्या प्रकरणात, २, २, १, १ या अंकांपासून मोजून दाखविले आहेत, हे आठवले तेव्हा ऐरोली मागे पडले होते.)

बंधन शेजाऱ्यांपुरते असेल तोवर या रीतीला तोड नाही. ते एकूण पुनरावृत्तीवर आले की सांधे मोजून काहीही हाती लागत नाही. तेथे एकेक किंमत घेऊन तिला शून्य, एक की दोन जागा द्यावयाच्या, आणि त्या कोणत्या, असा तक्ताच पुन्हा मांडावा लागतो, म्हणून पाचपैकी एक तारा मी राखून ठेवला आहे.