एमजीबीचा मास्टर सिलिंडर: किट, स्लीव्ह की नवा?

ब्रेकवर पाय दाबून ठेवला आणि पेडल हळूहळू खाली बसत गेलं, पण बाहेर कुठे थेंबभरही गळती नाही, तर बहुधा मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा दाब ऑइलमार्फत ब्रेकपर्यंत पोचवणाऱ्या भागाच्या) आतला रबर कप गेलेला असतो. पेडलच्या दांड्यावरून पायाशी ऑइल उतरत असेल तर मागचा सील गेला. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनलेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारच्या सुरुवातीच्या गाड्यांत चारही चाकांना एकच सर्किट, म्हणजे ऑइलची एकच वाट आहे. (अमेरिकेसाठीच्या गाड्यांत १९६८पासून दुहेरी आलं, कारण तिथे कायदाच तसा झाला.) एकेरी सर्किट असेल तर हा कप गेला की उरतो फक्त हँडब्रेक.

पर्याय तीन: किट (नव्या रबर सीलचा संच) टाकणं, बोअरला (सिलिंडरच्या आतल्या पोकळीला) स्लीव्ह बसवणं, नवा सिलिंडर घेणं. बहुतेक जण स्वस्त म्हणून आधी किट मागवतात आणि मग सिलिंडर उघडतात. मी उलट करायला सांगेन. पेडलबॉक्सचं झाकण काढा, क्लचच्या शेजारचा ब्रेकचा सिलिंडर बाहेर घ्या, लॉक काढून पिस्टन ओढा आणि बोअर पुसून बॅटरीच्या उजेडात पाहा. निर्णय तिथेच होतो.

बोअर आरशासारखा असेल तर किट पुरे. नुसते डाग असतील तर हलकं होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) चालतं, तेही बोअर लोखंडी असेल तरच. लोहचुंबक लावून खात्री करा. ॲल्युमिनियमच्या बोअरला होन लावू नका, वरचा कडक थर निघून जातो. पण नख अडकेल असा खड्डा असेल तर किट म्हणजे पैसे पाण्यात. खड्डे घासून घालवायला गेलात तर बोअर मोठा होतो, पिस्टन सैल पडतो आणि नवा कपही थोड्याच दिवसांत फाटतो. वर्षानुवर्षं कुणाच्या तरी फडताळात पडलेलं जुनं किट फुकट मिळालं तरी नको. रबर पाकिटातही म्हातारं होतं.

स्लीव्ह म्हणजे बोअर मोठा करून आत स्टेनलेस स्टीलची नळी बसवायची आणि ती मूळ मापावर आणायची. जुनं ओतकाम वाचतं, बोअर पुन्हा गंजत नाही. गाडी मूळ रूपात ठेवायची असेल तर माझं मत यालाच. अट एकच, काम ब्रेकचंच करणाऱ्याकडे द्या. रिझर्व्हॉयरमधून (ऑइलच्या टाकीतून) बोअरमध्ये येणारी बारीक भोकं स्लीव्हमध्ये जागच्या जागी आणि बिनकंगोऱ्याची हवीत, नाहीतर दर वेळी कप तिथेच कापला जाईल.

नवा सिलिंडर सगळ्यात कमी कटकटीचा. रोज गाडी काढणाऱ्याने हाच घ्यावा. मात्र नव्या मालाचा दर्जा सारखा नसतो. बसवण्याआधी बोअरचं माप आणि पाइपचे आटे जुन्याशी ताडून पाहा.

काहीही निवडलंत तरी भाग धुवायला पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नका, रबर फुगतं. ताजं ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट घ्या. डॉट ४ हे नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदला. ते रंगही खातं. सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता. सिलिकोनचं डॉट ५ रंगाला धक्का लावत नाही, पण दोन्ही एकत्र करायची नाहीत.

ऑइलमध्ये अडकलेली हवा, म्हणजे एअर काढताना जुन्या सिलिंडरचं पेडल तळापर्यंत दाबू नका. रोज जिथे पिस्टन पोचत नाही तिथे गंज बसलेला असतो आणि कप त्यावर घासून फाटतो. ‘कालपर्यंत ठीक होतं, एअर काढली आणि बिघडलं’ ही तक्रार बहुतेकदा यातलीच. शेवटी पुशरॉडला (पेडलपासून पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याला) किंचित मोकळी चाल ठेवा, पेडलपाशी सुमारे ३ मिलिमीटर. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, भोक झाकलेलं राहतं आणि ऑइल तापलं की गाडी चालता चालता ब्रेक आपोआप धरायला लागतात.