खेळाडू मुलांची दहावी आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालय: एका पालकाचे परीक्षण

नववी-दहावीतल्या मुलाने अभ्यास आणि खेळ दोन्ही मन लावून करायचे ठरवले, की पहिली अडचण उभी राहते ती हजेरीची. बॅडमिंटनपुरते बोलायचे तर पंधरा किंवा सतरा वर्षांखालील गटात अखिल भारतीय मानांकन स्पर्धा खेळणाऱ्या मुलीला बहुधा आधी पात्रता फेरी खेळावी लागते, त्यातून निभावले तर मुख्य फेरी, आणि परतीचा दिवस ठरवतो तो ड्रॉ, म्हणजे कोणाशी कधी गाठ पडणार याचा तक्ता. म्हणून आमच्यासारखे पालक जाण्याचे तिकीट आधी काढतात आणि येण्याचे तिकीट मुलगी हरल्यावर तत्काळमध्ये शोधतात. अशा स्पर्धा वर्षभर निरनिराळ्या शहरांत चालू असतात. शाळेला मात्र पंचाहत्तर टक्के हजेरी लागते आणि मुख्याध्यापकांना कितीही सहानुभूती असली तरी हजेरीपट तिच्यावर चालत नाही. याच कोंडीतून आम्ही मुलीची दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे सगळे जिला एनआयओएस म्हणतात तिच्यातून करायचे ठरवले. त्याच मार्गाचा विचार करणाऱ्या पालकांसाठी हे परीक्षण आहे.

आधी इतर पर्यायांविषयी थोडक्यात. राज्य मंडळ दहावी-बारावीच्या खेळाडूंना सवलतीचे गुण देते. ते निकालपत्रावर उपयोगी पडतात, पण त्यांनी सरावाला वेळ मिळत नाही. राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेशी परीक्षेची तारीख भिडली तर सीबीएसई त्या विषयाची परीक्षा नंतर देऊ देते. ही सोय चांगली असली तरी ती परीक्षेच्या तारखांपुरती आहे, वर्षभराच्या गैरहजेरीवर तो उपाय नव्हे. सतरा नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावीला बसले तर रोजच्या हजेरीतून सुटका होते, परंतु सगळे विषय एकाच वेळी अंगावर येतात, आणि तेही फेब्रुवारी-मार्चमध्येच.

मुक्त विद्यालयाची मांडणी मुळातच वेगळी आहे. सीबीएसईने १९७९ मध्ये प्रकल्प म्हणून सुरू केलेल्या कामातून १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय ही स्वायत्त संस्था उभी राहिली आणि २००२ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. मुख्यालय नोएडाला असले तरी आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी पुण्यात विभागीय केंद्र आहे. माध्यमिक स्तराला प्रवेश घेण्यासाठी चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. एकदा नोंदणी झाली की ती पाच वर्षे टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात, त्यांत किमान एक भाषा हवी आणि प्रत्येक विषयात तेहतीस टक्के गुण हवेत. हे पाचही विषय एकाच सत्रात द्यावेत अशी सक्ती नाही. उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात आणि उरलेले विषय पुढच्या सत्रात देता येतात.

खेळाडूच्या घरात या शेवटच्या सोयीला सोन्याची किंमत आहे. आम्ही मराठी आणि चित्रकला हे विषय एका सत्रात आटोपले आणि गणित, विज्ञान व इंग्रजी दुसऱ्या सत्रासाठी ठेवले. परीक्षेआधीचे काही आठवडे सकाळचे सत्र फक्त फिटनेसचे आणि संध्याकाळचे कोर्टवरचे, अशी विभागणी प्रशिक्षकांशी बोलून करता आली. दुपारची झोप आणि त्यानंतरचे दोन तास सलग अभ्यास हा क्रम शाळेत जाणाऱ्या मुलाला जमणे कठीणच. खरे सांगायचे तर तिच्या खेळात जी सुधारणा झाली, तिचे श्रेय मी जादा सरावाइतकेच या झोपेला देईन.

पाठ्यपुस्तके स्वयंअध्ययनासाठीच लिहिलेली आहेत आणि ती हाताळताना ते जाणवते. धड्याच्या मध्येमध्ये छोटे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे धड्याच्या शेवटी दिलेली असतात, आणि अखेरीस मोठा स्वाध्याय असतो. रेल्वेच्या वरच्या बर्थवर बसून एकटीने धडा संपवायचा असेल तर ही रचना फार सोयीची. माध्यमिक स्तरावर मराठी माध्यम उपलब्ध आहे, ही बाब अनेक मराठी पालकांना ठाऊकच नसते. शिक्षक-मूल्यांकित स्वाध्यायाला, ज्याला सगळे टीएमए म्हणतात, वीस टक्के भार असतो. अलीकडे अभ्यासक्रमाचे दोन भाग केलेले आहेत, काही धडे या स्वाध्यायांसाठी आणि उरलेले लेखी परीक्षेसाठी. कोणता धडा कुठे मोडतो याचा तक्ता पहिल्याच आठवड्यात छापून भिंतीवर लावावा. नाहीतर मूल परीक्षेत न येणाऱ्या धड्यावर घाम गाळत बसते.

आता उणी बाजू. ही संस्था परीक्षा घेते, पुस्तके देते आणि प्रमाणपत्र देते. शिकवण्याचा भार मात्र प्रत्यक्षात घरावर पडतो. संपर्कवर्ग, म्हणजे समोरासमोर शिकवण्याचे तास, नेमून दिलेल्या अभ्यासकेंद्रांमार्फत होतात आणि ते कसे होतील हे केंद्रावर अवलंबून असते. आमच्या वाट्याला आलेल्या केंद्रात ते बहुतांशी कागदावरच झाले. प्रयोगवहीवर सही घेण्यासाठी घातलेल्या चकरांविषयी न बोललेलेच बरे. केंद्र निवडताना इमारत पाहू नये. तिथे गेल्या वर्षी शिकलेल्या दोन-तीन मुलांच्या पालकांशी बोलावे आणि विज्ञानाचे प्रयोग खरोखर करून घेतात का, एवढे विचारावे. आम्हाला शेवटी निवृत्त शिक्षिकेची शिकवणी लावावी लागली. संस्थेचे शुल्क खासगी शाळेच्या तुलनेत किरकोळ आहे, पण शिकवणी, परीक्षेचे विषयवार शुल्क आणि पालकाचा वेळ धरल्यावर ही दहावी स्वस्त म्हणवत नाही.

विषयांच्या निवडीतही एक सापळा आहे. गणित न घेताही इथे दहावी उत्तीर्ण होता येते, आणि अकादमीच्या बाकावर बसलेले पालक एकमेकांना हेच हळूच सुचवत असतात. ज्या मुलाला गणिताचा खरोखरच त्रास आहे त्याच्यासाठी ही मुभा मोलाची आहे. मात्र केवळ सरावाला तास मिळावेत म्हणून गणित-विज्ञान सोडून देणे मला पटत नाही. सोळाव्या वर्षी गुडघा किंवा खांदा दगा देऊ शकतो, आणि त्या दिवशी विज्ञान शाखेचा दरवाजा आपणच लावून घेतलेला असतो. खेळात उत्तम होण्यासाठी अभ्यासात जेमतेम राहणे हा सौदा पालकाने मुलाच्या वतीने करू नये.

सर्वांत मोठी किंमत गुणपत्रिकेत दिसत नाही. शाळेचा संघ, आंतरशालेय सामने, स्नेहसंमेलनाची तालीम, प्रयोगशाळेतली मस्ती, यांतले काहीही मुक्त विद्यालय देऊ शकत नाही आणि देण्याचा दावाही करत नाही. अकादमीतल्या मैत्रिणी चांगल्या असतात. तरीही त्यांच्याशीच पुढच्या आठवड्यात एकेरीत गाठ पडणार असते, त्यामुळे त्या मैत्रीला एक धार राहते. आमच्या मुलीने जुन्या वर्गमैत्रिणींचा रविवार जिद्दीने टिकवला म्हणून निभावले. लाजाळू किंवा एकलकोंड्या मुलाला हा मार्ग मी सहजासहजी सुचवणार नाही.

अकरावीविषयी अनेकांना धास्ती असते. प्रमाणपत्र मान्यताप्राप्त आहे आणि राज्याच्या ऑनलाइन प्रवेशप्रक्रियेत या विद्यार्थ्यांना अर्ज करता येतो. त्यासाठी लागणारा स्थलांतर दाखलाही मिळतो. अडचण आहे ती वेळेची. एप्रिल-मेच्या परीक्षेचा निकाल साधारण जूनमध्ये लागतो, राज्य मंडळाचा त्याआधी, त्यामुळे आवडत्या महाविद्यालयाच्या सुरुवातीच्या फेऱ्या हातून निसटू शकतात. निदान शेवटचे दोन विषय तरी आधीच्या ऑक्टोबरमध्ये संपतील अशी आखणी केली तर हा ताण राहत नाही.

माझ्या मते राज्यस्तरावर सातत्याने खेळणाऱ्या, दिवसातून दोन सत्रे सराव करणाऱ्या आणि घरात अभ्यासावर लक्ष ठेवणारे कोणी असलेल्या मुलासाठी ही सेवा उत्तम आहे. जिल्हास्तरावर हौसेने खेळणाऱ्या मुलाने शाळेतच राहावे आणि सवलतीच्या गुणांचा लाभ घ्यावा. प्रवेशासाठी आठवी उत्तीर्ण असल्याचा दाखला किंवा स्वघोषणापत्र पुरते, म्हणून नववीच्या मध्यावर घाई करून शाळा सोडण्याचे काही कारण नाही. नोंदणी क्रमांक हाती येईपर्यंत शाळेतून दाखला काढू नये.